नमुना क्रमांक सात

त्र्याऐंशी सालच्या फाल्गुनात, मुलीच्या लग्नाला दीड महिना उरला असताना, नाकाडोंगरीचे चिंधू डोमा गजभिये सरकारदरबारी वारले. मारणारा कोणी वैरी नव्हता. त्यांनीच लिहिलेल्या वहीनं त्यांना मारलं. पुढं आयुष्यभर हा किस्सा सांगताना चिंधूभाऊ सुरुवातीलाच म्हणायचे, की माणसानं मरावं तर माझ्यासारखं, शुद्धलेखनाची एकही चूक न होता.

मरणाशी त्यांचं जुनंच भांडण होतं. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव चिंधू ठेवलं. चिंधीसारख्या पोराकडं मरण कशाला ढुंकून बघेल, असा तिचा हिशेब. युक्ती चालली, पोरगा जगला, पण नाव चिकटलं. शाळेत मास्तर फळा पुसायचं फडकं मागताना वर्गात ह्याच्याकडं बघायचे आणि सगळी पोरं हसायची. चिंधू मॅट्रिक झाला, गावाजवळच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू म्हणून लागला, तरी ते हसणं त्याच्या कानातून गेलं नाही. हजेरीच्या पटावर तो सगळ्यात वर, ठळक टाकानं, स्वतःचं पूर्ण नाव लिहायचा. त्याची हजेरी घेणारा कोणी नव्हता. पण तीनशे नावांच्या डोक्यावर आपलं नाव बसलेलं बघून त्याला बरं वाटायचं.

वहीची गोष्ट सुरू झाली ती वडिलांमुळं. डोमाजींनी बांधाच्या तक्रारीसाठी एकदा कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला होता. त्या गृहस्थानं मायबाप सरकारच्या चरणी लोटांगण घालण्यात पाऊण कागद संपवला आणि उरलेल्यात गावाचं नाव चुकवलं. दोन वर्षं तो अर्ज दुसऱ्याच गावात बांध शोधत फिरला. चिंधूभाऊंनी तेव्हा ठरवलं, की आपल्या लोकांचे अर्ज आपण लिहू आणि कोणाच्या पाया पडणार नाही.

रविवारी विहाराच्या ओसरीवर बसून ते अर्ज लिहू लागले. माणसं वाढली, बोटं दुखू लागली. मग चौऱ्याहत्तर साली त्यांनी दोनशे पानी वही आणून तिच्यात बारा नमुने लिहिले. रेशनकार्ड हरवलं तर नमुना एक, कोंडवाड्यातली गाय सोडवायची तर नमुना चार, बाळंतपणाची रजा हवी तर नमुना सहा, मयताचं नाव कार्डातून कमी करायचं तर नमुना सात. पहिल्या पानावर लिहिलं, ही वही कोणीही उतरून घ्यावी, उतरून घेणाऱ्यानं ती पुढं दुसऱ्याला उतरू द्यावी, आणि चूक सापडल्यास चिठ्ठी लिहून कळवावी. 'मायबाप' हा शब्द वहीत एकदाही नव्हता. 'विनंती' एकदाच होती, तीही 'नम्र'शिवाय. ह्या एका गोष्टीचा त्यांना खरा अभिमान होता आणि तो रास्तही होता.

घोळ झाला तो अर्जदाराच्या नावाचा. नमुन्यात अर्जदार म्हणून अमुकतमुक लिहावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. पण नमुना खराखुरा वाटला पाहिजे, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि एक सोडून बाकी अकरा नमुन्यांत चिंधू डोमा गजभिये, राहणार नाकाडोंगरी, असं लिहून खाली स्वतःच्या कार्डाचा नंबरसुद्धा टाकला. खरं कारण वेगळं होतं. ताज्या शाईत, कचेरीला जायच्या कागदावर, ते नाव अगदी साहेबाचं वाटत होतं.

नमुना सातमध्ये मयताचं नाव लागत होतं. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत कसं घालायचं, लोक अंगावर येतील. म्हणून त्यांनी मयत म्हणूनही स्वतःचंच नाव घातलं आणि अर्जदार म्हणून बायकोचं, मालनबाईचं. हा त्यांना मोठा त्याग वाटला. मालनबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्यानं कौतुकानं तो नमुना वाचून दाखवला तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

वही भराभर पसरली. बपेऱ्याच्या शाळेचे जागेश्वर पटले गुरुजी बाजाराच्या दिवशी नाकाडोंगरीला आले होते, ते एक प्रत घेऊन गेले. ती त्यांना इतकी आवडली, की त्यांनी ती पोरांना शुद्धलेखनाला लावली. महिन्याभरात बपेऱ्यात पन्नास प्रती झाल्या, त्याही तपासलेल्या, खाली गुण दिलेल्या. तुमसरला धनीराम नावाचा एक हरहुन्नरी गडी होता. राईस मिलमध्ये तो पोत्यांवर रंगानं मार्के मारायचा. त्यानं पत्र्यात अक्षरं कापून प्रतींच्या पुठ्ठ्यावर मारायला छाप केला, 'चिंधूची वही'. चिंधूभाऊ म्हणाले, नावाची काय गरज होती. मग जरा थांबून म्हणाले, अक्षर थोडं मोठं करता आलं तर बघ.

चूक कळवा, असं लिहिलं तेव्हा कोणी खरंच कळवेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चिठ्ठ्या येऊ लागल्या. बाजारकऱ्यांबरोबर, एसटीच्या कंडक्टरबरोबर, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. काही अगदी मोलाच्या होत्या. कोंडवाड्याच्या नमुन्यात गायीचा रंग लिहायचा राहिला आहे, ही चूक एका गुराख्यानं सांगितली. पण बऱ्याच चिठ्ठ्या 'विनंती'ला पुन्हा 'नम्र' करा म्हणणाऱ्या होत्या, आणि एकानं तर आपल्या मेहुण्याविरुद्धचा नमुना मागितला होता. चिंधूभाऊ सगळ्या चिठ्ठ्या डालड्याच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की मोठा डबा आणायचे. ह्याला ते 'विचार चालू आहे' म्हणायचे. कचेरीवर इतकी वर्षं तोंडसुख घेणाऱ्या माणसानं घरात स्वतःची कचेरी उघडली आहे, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

पहिला दणका खाणीतच बसला. एके सकाळी मॅनेजर साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि एक कागद पुढं केला. चिंधू डोमा गजभिये यांनी बाळंतपणाची रजा मागितली होती. खाणीतल्या एका बाईनं नमुना सहा कोणाकडून तरी जसाच्या तसा उतरवून घेऊन खाली अंगठा दिला होता. साहेबांनी चेहरा सरळ ठेवून विचारलं, कितवा महिना. चिंधूभाऊ घरी येऊन हे सांगून स्वतः पोट धरून हसले. पण त्या दिवशी जे कळायला पाहिजे होतं, ते त्यांना कळलं नाही.

जागेश्वर गुरुजींना कळलं. ते सायकल मारत आले आणि त्यांनी सांगितलं, की लोक नमुना म्हणजे मंत्र समजतात, काना-मात्रासुद्धा बदलत नाहीत, तेव्हा नमुन्यातून तुमचं नाव काढा. धनीरामही तेच म्हणत होता. विहाराच्या ओसरीवर तिघांची बैठक बसली. चिंधूभाऊंनी नावाच्या बाजूनं तास-दीड तास कारणं दिली. शेवटी कारणं संपली तेव्हा ते म्हणाले, वही माझी आहे.

गुरुजींनी चष्मा पुसला. "चिंधूभाऊ, पयल्या पानावर त तुमी दुसरंच लिवलं हाय."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. चिंधूभाऊ उठून घरात गेले आणि पुढची चार वर्षं तिघांचं बोलणं बंद झालं.

मग तीन वह्या झाल्या. गुरुजींनी बपेऱ्याची वही काढली, तिच्यात नावाच्या जागी अ. ब. क. घातलं. सहा महिन्यांत कचेरीत श्री. अ. ब. क. यांचे अर्ज येऊ लागले. त्यांची गाय हरवली होती, त्यांचं कार्ड भिजलं होतं आणि त्यांना तीन गावांत घर होतं. धनीरामनं तुमसरची वही काढली. पोत्यावरच्या मार्क्यात वजनाची जागा कोरी सोडतात, तशी त्यानं नावाची जागा कोरी सोडून खाली टिंबं दिली. लोकांनी टिंबं मोजून उतरवली. चिंधूभाऊंच्या कानावर ह्या बातम्या येत, आणि दुसऱ्याची फजिती ऐकून होतो तो आनंद त्यांना व्हायचा. आपलीही चालूच आहे, हे ते त्या आनंदात विसरायचे.

आता मरण. बपेऱ्यात गुलाब नावाच्या जवान पोराचा बाप वारला. कार्डातून बापाचं नाव कमी करायचं होतं. गुलाबनं सहावीतली शुद्धलेखनाची वही पेटीतून काढली. नमुना सातखाली गुरुजींनी लाल शाईत दहापैकी दहा दिले होते. पोरगा हुशार, त्यानं तेव्हाही एक चूक केली नव्हती आणि आताही केली नाही. मयत चिंधू डोमा गजभिये, कार्डाचा नंबर अमुक, अर्जदार मालनबाई. खाली सहीसुद्धा त्यानं मालनबाईचीच ठोकली. सोबत जोडलेला सरपंचाचा दाखला कोणाच्या मरणाचा आहे, हे कचेरीत कोणी बघितलं नसावं. नंबर जुळला, कुटुंबप्रमुखाच्या नावावर लाल रेघ ओढली गेली आणि कार्ड बंद झालं.

हे कळलं ते साखरेमुळं. ललिताचं लग्न वैशाखात ठरलं होतं. लग्नाच्या साखरेला तेव्हा परवाना लागायचा आणि परवाना चालू कार्डावर, बापाच्या अर्जानं मिळायचा. रेशन दुकानदारानं रजिस्टर उघडलं, चिंधूभाऊंकडं बघितलं, पुन्हा रजिस्टराकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, कवा वारले जी तुमी.

चिंधूभाऊ कचेरीत गेले ते जरा ऐटीतच. अर्ज हे तर त्यांचं राज्य. मी जिवंत आहे, ह्या विषयाचा नमुना वहीत नव्हता, तो त्यांनी बसमध्ये बसून मनातच रचला आणि कचेरीच्या पायरीवर एका दमात लिहून काढला. खिडकीतला कारकून नवा होता, अमरावतीकडचा. त्यानं वरचं नाव वाचलं आणि कागद परत सरकवला. म्हणाला, काका, हा नमुना आहे, इथं तुमचं नाव घाला.

हेच माझं नाव, असं चिंधूभाऊ म्हणाले. कारकुनानं मानेनं भिंतीकडं खूण केली. तिथं फळ्यावर सूचना होती: चिंधू डोमा गजभिये ह्या नावाचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. चिंधूभाऊ कबूल करायचे, की पहिल्या क्षणी त्यांना आनंद झाला. सरकारी फळ्यावर, सुवाच्य अक्षरात, पूर्ण नाव. दुसऱ्या क्षणी सूचनेचा अर्थ लागला.

कारकून वाईट नव्हता. त्यानं खण ओढून दाखवला. आत ह्या नावाच्या अर्जांचा गठ्ठा होता. त्यात ते विहीर मागत होते, दाखल्यातली जन्मतारीख बदलत होते, दोनदा प्रसूत झाले होते. आतून साहेब म्हणाले, ह्यातला खरा कोणता ते मी कसं ओळखायचं. हे अर्ज यायचे बंद होतील तेव्हा तुमचा घेऊ. मीच तो चिंधू, असं त्यांनी शेवटचं सांगून बघितलं. कारकून म्हणाला, तसं प्रत्येक अर्जात लिहिलेलंच असतं.

परतीच्या बसमध्ये त्यांना रडू आलं, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पोरीचं लग्न तोंडावर, आणि बाप कागदावर मेलेला. आईनं ज्या नावानं मरणाला फसवलं, त्याच नावानं आपण ते घरात बोलावलं. आणि सगळ्या तालुक्यात आपली वही ज्याच्या कामाची नाही असा एकच माणूस आहे, तो म्हणजे आपण. ते घरी गेले नाहीत. उतरून बपेऱ्याची बस धरली.

गुरुजींनी त्यांना बघितलं आणि खाट टाकली. चिंधूभाऊंनी सगळं सांगितलं. चार वर्षं ज्यासाठी ताठ राहिले, ते एका वाक्यात मोडलं, म्हणाले, तुमचं बरोबर होतं. गुरुजींनी आतून अ. ब. क. यांच्या नावानं परत आलेले कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. माझंबी बरोबर नोहतं, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघं तुमसरहून धनीरामला उचलून नाकाडोंगरीला आले.

तिघं चिंधूभाऊंच्या घरच्या ओसरीत बसून नावाच्या जागी काय घालावं ह्याचा खल करू लागले. राम-शाम घालावं, नाव-गाव घालावं, चित्र काढावं. तीन शहाणी माणसं चौथी चूक शोधत होती. मालनबाई सुपात तांदूळ निवडत होती. चहा दोनदा करून झाल्यावर तिला राहवलं नाही.

"धान मिलात नेते तवा काय करते जी मानूस?" तिनं धनीरामला विचारलं. "आपआपल्या पोत्याले आधी चिंधी बांधते. कोनाची लाल, कोनाची हिरवी. मंग पोतं आत जाते. आत गेल्यावर बांधून काय फायदा? तसं आधी कोऱ्या कागदावर आपलं नाव लिवा म्हना, गाव लिवा म्हना. मंग वही उघडा."

धनीराम वीस वर्षं मिलमध्ये होता आणि रोज हजार चिंध्या बघत होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या तोंडून 'चिंधी' शब्द ऐकताना चिंधूभाऊंना पहिल्यांदाच शाळेतला फळा आठवला नाही.

पुढचा महिनाभर ते तिघं बाजार धरून फिरले. नाकाडोंगरीचा, बपेऱ्याचा, तुमसरचा. माणसं वह्या घेऊन येत. चिंधूभाऊ लाल पेन्सिलीनं स्वतःचं नाव खोडत, गुरुजी पहिल्या पानावर 'आधी आपले नाव लिहा, मग वही उघडा' असं लिहीत, आणि धनीराम वहीच्या दोऱ्याला एक चिंधी बांधून देई, म्हणजे ही दुरुस्त झाली हे लांबून कळावं. पहिल्या वहीत बारा ठिकाणी रेघ मारताना त्यांचा जीव तुटला. नमुना सातवर आले तेव्हा हात थांबला. विसाव्या वहीनंतर सवय झाली. लोक एकदा मरतात, मी एका बाजारात दीडशेदा मेलो, असं ते सांगायचे.

एक म्हातारा काही केल्या वही देईना. चिंधू ह्या नावाशिवाय कागद पास होत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. चिंधूभाऊ म्हणाले, आजोबा, ज्याचं नाव हाय त्याची हरकत नाही. म्हातारा म्हणाला, त्याले काय इचारता, तो त मेला म्हनते.

डालड्याचे डबेही ह्याच फिरतीत उघडले. चिठ्ठ्या तिघांनी वाटून घेतल्या. एका डब्याच्या तळाशी अठ्ठ्याहत्तर सालची एक होती, पोरसवदा अक्षरात. नमुन्यातलं नाव बदलायचं की तसंच ठेवायचं, हे वहीत कुठंच सांगितलेलं नाही, असं तिच्यात विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, गुलाब, इयत्ता सहावी, बपेरा. चिंधूभाऊंनी ती चिठ्ठी कितीतरी वेळ हातात धरली. पोरानं मारण्याआधी रीतसर विचारलं होतं. उत्तर द्यायला ह्यांनाच सवड झाली नव्हती.

चैत्र संपता संपता कचेरीतल्या फळ्यावरची सूचना निघाल्याचं कळलं. चिंधूभाऊंनी विहाराच्या ओसरीवर बसून कोरा कागद घेतला. वही उघडली नाही. आधी नाव लिहिलं, मग गाव. तेवढंच लिहून ते थोडा वेळ बघत बसले. ठळक नाही, सगळ्यांच्या डोक्यावर नाही, एका कागदावर एक नाव. मग खाली चार ओळी लिहिल्या आणि बस धरली.

तोच कारकून होता. त्यानं नाव वाचलं आणि चष्म्यावरून वर बघितलं. "हा नमुना तर नाही ना?"

"नाही जी," चिंधूभाऊ म्हणाले. "नमुना होतो. आता मानूस हाय."

रजिस्टरात लाल रेघेच्या वर नाव पुन्हा लिहिलं गेलं आणि नवं कार्ड मिळालं. साखरेचा परवाना लग्नाच्या दोन दिवस आधी हातात पडला. कार्ड घेऊन घरी आल्यावर त्यांनी खिडकीतला तो संवाद मालनबाईला दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जरा मोठ्या आवाजात. ललितासुद्धा ऐकायला दारात येऊन उभी राहिली.

मालनबाईनं सूप खाली ठेवलं. "मानूस कवा झाले बाप्पा? नमुना त नमुनाच हाय तुमी," ती म्हणाली. मग कार्ड हातात घेऊन तिनं, अक्षर लागत नव्हतं तरी, नव्या शाईच्या ओळीवरून लांबूनच बोट फिरवलं, आणि ताजी शाई फिसकटू नये म्हणून ते चुलीपासून दूर, उतरंडीवर नेऊन ठेवलं.